मंगल भोईरचं चौथं उत्तर

नोकरीत मी आजवर जेवढी पत्रं टाइप केली त्यांपैकी प्राचार्यांनी सही न करता परत पाठवलेलं पत्र एकच. त्याचा विषय होता, 'प्रा. दळवी यांच्या मिशीबाबत.'

वसईतल्या एका कॉलेजात मी कारकून आहे. आता टेबलावरच्या पाटीवर 'मुख्य लिपिक' असं लिहिलंय, पण काम तेच आहे, खुर्चीला हात आले एवढंच. नव्वदच्या सुमारास लागलो तेव्हा परीक्षा विभागात होतो. सर्वांत नवा असल्यामुळे ज्या कामाला कोणी वाली नाही ते सगळं माझ्याकडे यायचं, आणि त्यातलंच एक म्हणजे अंध, अपंग, ऐकू न येणाऱ्या मुलांची व्यवस्था. आता त्यासाठी वेगळा कक्ष आहे, कक्षाला समिती आहे, समितीच्या बैठकीला बटाटेवडे असतात. तेव्हा कक्ष म्हणजे मी आणि माझ्या टेबलाचा डावीकडचा खण. खण पावसाळ्यात फुगायचा आणि उघडायचा नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर कक्ष बंद.

तर मिशी. नितीन नावाचा विरारचा मुलगा आमच्याकडे होता. त्याला अजिबात ऐकू यायचं नाही, पण पहिल्या बाकावर बसून मास्तरांचे ओठ वाचायचा आणि सगळ्या विषयांत पन्नासच्या पुढे मार्क मिळवायचा. फक्त समाजशास्त्रात नऊ. मी त्याला बोलावलं आणि कागदावर विचारलं, काय अडचण आहे? त्याने खाली लिहिलं, 'दळवी सरांना वरचा ओठ नाही.'

मी व्हरांड्यात जाऊन दळवी सरांना नीट पाहिलं. खरंच नव्हता. सरांची मिशी पुढे येऊन छपरासारखी उतरलेली होती आणि समाजशास्त्र त्या छपराखालून बाहेर पडत होतं. आता हे सरांना सांगणार कोण? मी बोलायला पहिल्यापासून कच्चा. आमची मालती, म्हणजे माझी बायको, म्हणते की लग्न ठरवताना हा माणूस मुका आहे अशी तिच्या माहेरच्यांची चार दिवस समजूत होती. बोलता येत नाही म्हणून मी पत्र टाइप केलं आणि प्राचार्यांकडे सहीला ठेवलं. ते लाल शेऱ्यासकट परत आलं, 'वैयक्तिक बाब. समक्ष बोलावे.'

मी तीनदा स्टाफरूममध्ये गेलो. पहिल्यांदा पंखा नीट चालतो का विचारून आलो, दुसऱ्यांदा खडू पुरतात का. तिसऱ्यांदा काहीच सुचेना, म्हणून नितीनची चिठ्ठी सरांसमोर ठेवली आणि जिना उतरलो. सोमवारी सर ओठासकट आले. 'सौ.चा फार आग्रह होता,' असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नितीन त्या वर्षी समाजशास्त्रात चांगल्या मार्कांनी पास झाला, आणि तो कॉलेज सोडून गेल्यावरही सरांनी मिशी पुन्हा वाढवली नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे अशाच गमती मागितल्या होत्या. आहेत, सांगतो. पण लिहायला मी होकार दिला तो एका वेगळ्याच गोष्टीसाठी. ती गमतीची नाही. बारा वर्षं ती मी कोणाला सांगितली नव्हती, आणि न बोलण्याची ख्याती असली की कोणी विचारतही नाही.

आधी लेखनिक म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही त्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. परीक्षार्थी तोंडाने उत्तर सांगतो, लेखनिक लिहितो. वेगळी खोली, अर्धा तास जास्त, एक पर्यवेक्षक. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे तो स्वतःच्या पदरचं काही घालणार नाही. अकरावी-बारावीच्या मुली मी यासाठी गोळा करायचो आणि त्यांची निवड माझ्या पद्धतीने करायचो. मुलीला समोर बसवून सांगायचो, 'लिही, मुंबई ही भारताची राजधानी आहे.' जी निमूट मुंबई लिहायची ती पास. जी हळूच दिल्ली लिहायची ती हुशार, पण आमच्या कामाची नाही. त्यांना मी म्हणायचो, 'बाळ, इथे कान आणायचे आणि हात आणायचा. मधलं डोकं घरी ठेवून यायचं.' हे वाक्य मला फार आवडायचं. मी ते दर वर्षी म्हणायचो.

ही परीक्षा एकदा फारच उपयोगी पडली. एक मुलगा उजव्या हाताला प्लास्टर घालून आला, लेखनिक हवा म्हणाला, आणि तोही त्याने स्वतःच आणला होता. लेखनिकाने शाळेचा गणवेश घातला होता, अर्धी चड्डी, खिशावर शाळेचा बिल्ला, आणि गालावर दोन दिवसांची दाढी. कितवीत आहेस? दहावीत. मी त्याला राजधानीचं वाक्य सांगितलं. 'ओ साहेब, दिल्ली,' तो म्हणाला, 'एवढं तर बी.कॉम.ला...' आणि गप्प झाला. दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाला एकटाच आला. प्लास्टर आता डाव्या हाताला होतं. मी त्याच्या उजव्या हातात पेन दिलं.

मंगल भोईर आमच्याकडे आली ती मिठागराकडेच्या एका गावातून. जन्मापासून दिसत नव्हतं. वडील मिठागरात कामाला. प्रवेशाच्या दिवशी ते तिला घेऊन माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, 'भाऊ, ही लय इचारते. म्हायत असंल ते सांगा, नसंल तर नाय म्हायत म्हना. पन थाप मारू नका, ती थापा वलखते.' मंगल म्हणाली, 'बाबा, फॉर्म भरायला आलोय, लग्न ठरवायला नाही.'

तिला गावच्या शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. बी.ए., मग बी.एड., मग त्याच शाळेत, ज्या शाळेने तिला पहिलीत घ्यायला दोन वर्षं लावली होती. हे ती कोणालाही सांगायची, प्राचार्यांना, कॅन्टीनवाल्याला, ग्रंथालयात नुसतं वर्तमानपत्र चाळायला आलेल्याला.

तिची पुस्तकं कॅसेटवर वाचून देण्याचं काम माझं होतं. प्रश्नपत्रिका ठेवायची एक बिनखिडकीची खोली होती, तिथे बसून मी वाचायचो. पण दार बंद केलं की घाम, आणि उघडं ठेवलं की अख्खी वसई कॅसेटमध्ये यायची. समाजशास्त्राचं तिसरं प्रकरण वाचताना खाली एक कोळीण बोंबील घेऊन आली होती. आठवड्याने मंगल म्हणाली, 'राऊतभाऊ, प्रकरण तीनमध्ये ती मावशी बोंबील ताजे आहेत म्हणून पोरांची शपथ घेते, तिथेच तुम्ही कॅसेट बंद केलीत. ताजे होते का?' नव्हते. मीच घेतले होते.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा कॉलेजच घ्यायचं आणि पेपर कॉलेजातले प्राध्यापकच तपासायचे. समाजशास्त्राच्या दिवशी सकाळी तिच्या लेखनिक मुलीच्या घरून निरोप आला, कांजिण्या आल्या आहेत. दुसरी मिळेना. मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. 'राऊत, तुझं शिक्षण बारावी ना? मग बस तूच.'

कागदावर मी बारावीच होतो. खरं म्हणजे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलो होतो, आणि समाजशास्त्रच घेतलं होतं. परीक्षेला दोन महिने असताना वडिलांची कंबर धरली आणि उमेळ्याची आमची केळीची बाग माझ्यावर आली. तेव्हा मी पेपर दिले नाहीत, नंतरही कधी दिले नाहीत. आता त्या बागेवर तीन मजली बिल्डिंग आहे आणि तळमजल्यावर आम्ही राहतो. हे मंगलला माहीत नव्हतं, प्राचार्यांनाही नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

खोलीत आम्ही तिघं. मंगल, मी आणि पर्यवेक्षक म्हणून एक बाई. त्या स्वेटर विणत होत्या, वसईत कोणासाठी ते त्यांनाच माहीत. पहिली तीन उत्तरं मी अक्षर न अक्षर लिहिली. ती सांगायचीही छान, स्वल्पविराम कुठे ते आवाजावरून कळायचं. मग मी चौथा प्रश्न वाचला, 'ग्रामीण समुदाय आणि नागरी समुदाय यांतील फरक स्पष्ट करा.'

'थांबा जरा,' ती म्हणाली. मग सांगू लागली. पहिली दोन वाक्यं ऐकली आणि माझं पेन थांबलं. कुंपण काय, दारावरची बेल काय, तिच्या मामाची बिल्डिंग काय. पुस्तकात आठ मुद्दे होते. ते मी कॅसेटवर स्वतः वाचून दिले होते आणि त्याआधी माझ्या त्या न दिलेल्या परीक्षेसाठी पाठ केले होते. मला वाटलं, पोरगी थकली. दळवी सरांना मुद्दे लागतात, ही बेल वाजवत बसली तर मार्क गेले. असं मला वाटलं, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. आता खरं लिहायचंच आहे तर लिहितो. मला तो प्रश्न लिहायचा होता. इतक्या वर्षांनी तो माझ्यासमोर आला होता, हातात पेन होतं, समोर कोरा कागद होता.

मी लिहू लागलो. लोकसंख्येची घनता, व्यवसाय, प्राथमिक व दुय्यम संबंध, सामाजिक नियंत्रण. तिचं बोलणं चालू होतं, माझं लिहिणं चालू होतं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला सगळं अगदी व्यवस्थित दिसलं असतं. बाईंना दिसतही होतं. ती जोरात बोलायची तेव्हा मी मुद्द्याखाली रेघ मारत असायचो.

'झालं लिहून?' तिने विचारलं.

'झालं.'

'जास्त नाही ना झालं?'

'नाही. बरोबर झालं.'

निकालानंतर दळवी सरांना ते उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी योगायोगाने व्हरांड्यात होतो. योगायोगाने म्हणजे शिपायाकडे द्यायची नोटीस मी स्वतःच घेऊन निघालो होतो. सर म्हणत होते, 'बघा, उत्तर कसं असावं. आठ मुद्दे, एकही फाफटपसारा नाही. आणि हे आपल्या भोईरने लिहिलंय, तुम्ही डोळे असून काय दिवे लावता?' वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. हे लिहायला लाज वाटते, पण फुगली. आयुष्यात माझ्या लेखनाला मिळालेल्या त्या एकमेव टाळ्या.

मधल्या सुट्टीत मंगल माझ्या खिडकीशी आली. भिंतीला हात लावत नेहमी यायची तशीच आली, पण नेहमीसारखी दुरूनच बोलत आली नाही.

'राऊतभाऊ, ते उत्तर मी सांगितलं नव्हतं.'

माझ्या पाठीमागच्या कपाटात सरांनी परत केलेली तिची उत्तरपत्रिका होती. तिने मागितली असती तरी वाचून दाखवणारा मीच होतो.

'तूच सांगितलंस,' मी म्हणालो. 'मी कुठून आणणार आठ मुद्दे? उकाडा केवढा होता, तीन तास बोलत होतीस. माणूस थकला की मनात एक येतं आणि तोंडातून दुसरं जातं.'



'असेल,' ती म्हणाली. 'मला वाटलं मी दुसरंच काहीतरी सांगितलं. थँक्यू हां, एवढं नीट लिहिलंत.'

थापा ओळखणाऱ्या मुलीने माझी थाप ओळखली नाही. मी तिला दोन वर्षं पुस्तकं वाचून दाखवत होतो. माझ्या आवाजातून जे आलं ते तिने नेहमीच पाठ केलं होतं.

पुढचं वर्ष शेवटचं. विद्यापीठाची परीक्षा, लेखनिक एक चुणचुणीत मुलगी, मुंबईवाली, म्हणजे राजधानी मुंबई लिहिणारी. दुसऱ्या पेपरनंतर ती माझ्याकडे कुरकुरत आली. 'काका, ताई प्रत्येक ओळ परत वाचायला लावते. मी वाचते, मग ती म्हणते पहिल्यापासून वाच. शेवटचा प्रश्न राहिला ना तिचा.'

मी मंगलला गाठलं आणि म्हणालो, अगं, कशाला वाचायला लावतेस, मुलगी चांगली आहे. 'ती चांगलीच आहे हो,' मंगल म्हणाली, 'माझ्या डोक्याचा भरवसा नाही. मागच्या वर्षी नाही का, मनात एक होतं आणि सांगितलं एक. तेव्हा निभावलं. परत तसं झालं तर?'

तिथे सांगता आलं असतं. चार पेपर बाकी होते. मी त्याऐवजी तिची खोली बदलून पंख्याखालची जागा मिळवून दिली.

सहापैकी चार पेपरांत तिचा शेवटचा प्रश्न राहिला. ती पास झाली, पण बी.एड.ला लागतात तेवढे टक्के पडले नाहीत. पुढे एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. लग्न झालं, विरारच्या मनवेलपाड्याला घर झालं. ती शाळा अजून तिथेच आहे. मी त्या रस्त्याने जात नाही.

दर दिवाळीला तिचा फोन यायचा. मी मालतीला द्यायचो. त्या दोघी फराळावर अर्धा तास बोलायच्या आणि मी तेवढा वेळ अंघोळ करायचो. परवाच्या दिवाळीत मालती म्हणाली, 'तिचा फोन आला की तुम्हाला अंघोळ आठवते. सकाळी एकदा झालेली असते तरी. काय भानगड आहे?' मी सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. तिने चकलीचा सोऱ्या खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'हे मला सांगून काय उपयोग? मी दिला होता का समाजशास्त्राचा पेपर?'

मी म्हणालो, एका अंकासाठी लेख मागितलाय, त्यात लिहून टाकतो.

'वा,' ती म्हणाली. 'सगळी वसई वाचेल, विरार वाचेल, आणि जिचं आहे तिलाच तेवढं वाचता येणार नाही. हे बरं जमवलंत.'

म्हणून लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर तो घेऊन मी एका रविवारी मनवेलपाड्याला गेलो. दुसरा मजला. तिचा नवरा बाजारात गेला होता. मी म्हणालो, काहीतरी लिहिलंय, वाचून दाखवतो. तिला वाटलं, पूर्वीसारखं. आरामात मांडी घालून बसली. मिशीला ती हसली. अर्ध्या चड्डीतल्या बी.कॉम.ला इतकी हसली की मला थांबावं लागलं. मला वाटलं इथेच उठावं. पण पुढचे कागद हातात होते, वाचत गेलो. काहीही गाळलं नाही, टाळ्यासुद्धा नाहीत.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, 'गॅस बंद केला की मी तीनदा हात लावून बघते. ऑफिसात साहेबांनी नंबर सांगितला की परत विचारते, हाच ना? ते चिडतात. सगळे म्हणतात मंगलला सवयच आहे. मला वाटायचं माझ्या डोक्यातच कुठेतरी काही ढिलं आहे.'

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, त्यात चूक हा शब्द होता.

'लिहिलंत ती चूक असेल,' ती म्हणाली. 'पन मी येऊन विचारलं होतं ना तुम्हाला.'

'हो.'

'खिडकीत येऊन विचारलं होतं.'

'हो.'

ती उठली, आत गेली, चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर बरोबर ठेवला. 'हा घ्या आणि आज जा,' ती म्हणाली.

मी तो चहा प्यायलो. तो तसाच सोडून उठणं मला जमलं नाही, आणि पिणंही जमत नव्हतं.

दहा-बारा दिवस गेले. मालतीने काही विचारलं नाही, ही तिची मोठी शिक्षा. मग फोन वाजला, आणि मी उचलला. मंगल म्हणाली, 'रविवारी या. पेन आणा, पॅड पण आणा, आमचं टेबल डुगडुगतं.' एवढंच बोलून तिने ठेवला.

गेलो. या वेळी नवरा घरी होता. हसतमुख माणूस, विरारलाच एका छापखान्यात काम करतो. तिने त्याला माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसवलं आणि माझ्या कागदावर लक्ष ठेवायला सांगितलं. तो मला म्हणाला, 'राग मानू नका हां राऊतभाऊ, मला आज पर्यवेक्षक केलंय.' मी म्हणालो, स्वेटर विणू नका म्हणजे झालं. मंगल हसली नाही, पण तिचा चेहरा हलला.

'तुमचा लेख छापा,' ती म्हणाली. 'नाव माझं बदलू नका म्हणणार होते, पण बदला, ऑफिस आहे. मी तुम्हाला माफ केलं का ते त्यात लिहायचं नाही. ते माझं मी बघेन. मात्र त्या दिवशी मी जे सांगितलं ते लेखात आलं पाहिजे. तसंच्या तसं.'

मी खरं सांगितलं. म्हणालो, मंगल, मी ते ऐकलंच नव्हतं. मी माझंच लिहीत होतो. मला फक्त बेल आठवते.

'तुम्हाला कोणी विचारलंय? मला आठवतं.'

'बारा वर्षांपूर्वीचं?'

'तेच तर आठवत होतं, राऊतभाऊ. तेच खोटं ठरवलंत ना तुम्ही. घ्या लिहायला.'

तिने पदर सावरला, पाठ ताठ केली, आणि परीक्षेला बसल्यासारखी दोन्ही हात मांडीवर ठेवून सांगू लागली. दोन ठिकाणी मला वाटलं की इथे शब्द बदलला तर बरं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बदलला नाही. लिहून झाल्यावर तिने ते एकदाच वाचून घेतलं. हे ते उत्तर.

'प्रश्न चौथा. ग्रामीण समुदाय म्हणजे जिथे माणसाच्या आधी त्याचा आवाज येतो. आमच्या गावात कोणी घरी आलं की कुंपणापासूनच ओरडत येतं, मी जनी आली गं, भाकऱ्या झाल्या का. त्यामुळे कोण आलं ते मला कळतं. मला दिसत नाही हे गावात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते मला कोणी सांगत बसत नाही. नागरी समुदाय म्हणजे माझ्या मामाची नालासोपाऱ्याची बिल्डिंग. तिथे माणूस बेल वाजवतो आणि गप्प उभा राहतो. आतून कोण म्हणून विचारलं तर मी म्हणतो. मी म्हणजे कोण ते सांगत नाही, कारण तिथे दाराला भोक असतं आणि आतल्याने त्यातून बघायचं असतं. म्हणजे गावात स्वतःची ओळख सांगायचं काम बाहेरच्या माणसाचं असतं, आणि शहरात ओळखायचं काम आतल्या माणसाचं. हा मुख्य फरक आहे. पुस्तकात आठ फरक दिले आहेत, ते मला पाठ आहेत, पण ते बघणाऱ्या माणसांनी काढलेले आहेत. गावाचा तोटा असा की तिथे सगळे सगळं ठरवतात, माझ्या लग्नाचंसुद्धा मला न विचारता. शहराचा फायदा असा की तिथे जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, म्हणून मला एकटीला वर जाता येतं. आमच्या गावाच्या बाजूलाही आता बिल्डिंगा यायला लागल्या आहेत. त्या आल्या की पायऱ्या सारख्या होतील, ते चांगलंच आहे. पण म्हणून लोकांनी हाक मारत येणं बंद करू नये, असं मला वाटतं. उत्तर संपलं.'